आई-बाबांना घेऊन पहिली क्रूझ: लक्षद्वीप की सिंगापूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरमध्ये चाळीस वर्षं होतायत. सिंहगड रोडवरून तुम्ही सहा जण निघणार, म्हणजे आई-बाबा, तुम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ घ्यावी की सिंगापूरहून पेनांग-फुकेतची, हे ठरत नाहीये. आई पूर्ण शाकाहारी, त्यांचे गुडघे दुखतात आणि ताम्हिणी घाटात त्यांना हमखास गाडी लागते. बाबांचं म्हणणं, "चार दिवस पाण्यावर बसून करायचं काय?" आणि शेवटी तुम्ही विचारलंय, यातलं स्वस्त कुठलं पडेल.

मी पुण्यात लोकांच्या सहली आखून देते, त्यात क्रूझही बऱ्याच असतात. माझ्या मते यातला खरा प्रश्न बाबांनी विचारलाय. लोक क्रूझ ठरवताना नकाशा बघतात: किती बंदरं, किती देश. बस टूरसाठी ते ठीक आहे. क्रूझवर मात्र जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ जहाजावरच जातो. शिवाय सहा जण दिवसभर एकत्र राहत नाहीत. मुलगी घसरगुंडीवर, मुलगा किड्स क्लबमध्ये, तुम्ही कुठेतरी वरच्या डेकवर, आणि आई-बाबा? म्हणून मी घरच्यांना एकच विचारते. तुमच्यातल्या ज्या माणसाला सगळ्यात कमी चालवतं, त्याचा दिवस जहाजावरून खाली न उतरताही चांगला जाईल का? त्याचं उत्तर मिळालं की जहाज, केबिन आणि मार्ग बरेचसे आपोआप ठरतात.

आता लक्षद्वीप. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं. हे 1990 सालचं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असलेलं जहाज. आजच्या मानाने मध्यम आकाराचं, आणि ते मला आवडतं; दोन दिवसांत सगळे जिने पाठ होतात, आजी-आजोबा हरवत नाहीत. पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, पण त्याची कागदपत्रं क्रूझवालेच करून घेतात. वातावरण घरगुती, हिंदी गाणी, डेकवर गरबा, जैन जेवण. पहिल्यांदा जाणाऱ्यांना बिचकायला होत नाही.

अडचण बेटावर उतरण्याची आहे. तिथे एवढं मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून बेटावर नेतात. हे नेमकं कसं असतं ते सांगते, कारण माहितीपत्रकात फक्त निळंशार पाणी दिसतं. जहाजाच्या पोटातला, पाण्याच्या जवळचा एक दरवाजा उघडतात. समोर बोट असते, ती हात-दीड हात वर-खाली होत असते. दोन्ही बाजूंनी खलाशी तुमचे दंड धरतात, बोट वर आली की "आता!" म्हणतात आणि तुम्ही पाऊल टाकायचं. तरुण माणसाला गंमत वाटते. दुखऱ्या गुडघ्याने त्या क्षणी सगळं वजन एका पायावर घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि परतताना हेच उलट्या दिशेने करायचं असतं. शिवाय समुद्र थोडा जरी खवळलेला असेल तर कॅप्टन उतरणं रद्द करतो. तो हक्क त्याचा असतो, त्यावर वाद घालून उपयोग नाही. आईंचे गुडघे किती दुखतात यावर हे अवलंबून आहे. स्वारगेटला एसटीच्या पायऱ्या त्या आधाराशिवाय चढत असतील तर हरकत नाही. जिन्यात प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागत असतील, तर बेटाच्या दिवशी त्या जहाजावरच थांबतील असं धरून चाला.

सिंगापूरच्या बाजूला पेनांगचं उदाहरण घ्या. जहाज स्वेटनहॅम पिअरला थेट धक्क्याला लागतं. रुंद उतरणीवरून चालत किंवा व्हीलचेअरवरून बाहेर आलात की समोर जॉर्जटाउन, म्हणजे युनेस्कोच्या जागतिक वारशातलं जुनं शहर. तिथे तीनचाकी सायकलरिक्षा मिळते, जवळच लिटल इंडिया आहे, आईंना इडली-डोसासुद्धा मिळेल. फुकेतला मात्र जहाज कधी धक्क्याला लागतं, कधी बाहेर नांगर टाकून बोटीने उतरवतात. बुकिंगच्या आधी प्रत्येक बंदराबद्दल हे विचारून घ्या. आणि बंदराचं नाव नीट वाचा. कार्यक्रमात "क्वालालंपूर" लिहिलेलं असतं, पण जहाज पोर्ट क्लांगला लागतं, तिथून शहर रस्त्याने तासाभराहून लांब. युरोपातही तेच. "रोम" म्हणजे चिविटावेकिया, रोमपासून सुमारे 80 किलोमीटर. आठ तासांच्या मुक्कामातले तीन तास बसमध्ये घालवायला आईंना आवडेल असं मला वाटत नाही.

सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांपैकी जेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली लागलेली आहे. जहाज 2016 सालचं, एम्प्रेसपेक्षा कितीतरी मोठं, आणि बऱ्याच केबिनना बाल्कनी. एम्प्रेसवर बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत. तुमच्या बाबतीत हा मुद्दा मोठा आहे, त्याकडे येतेच.

आधी गाडी लागण्याचं. घाटात गाडी लागते म्हणजे बोट लागेलच असं नाही. घाटात कान सांगतात "वळतोय" आणि डोळे समोरच्या सीटची पाठ बघत असतात. त्या भांडणात मळमळतं. मोठ्या जहाजाचं हलणं संथ असतं, आणि बाजूला डुलणं कमी करायला पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. पुढे-मागे होणारा झोका मात्र ते थांबवत नाहीत, म्हणून केबिन लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर घ्यायची. नाकाकडची, वरच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात जास्त हलते, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा तीच महाग असते. डिसेंबरात अरबी समुद्र बहुतेक शांत असतो. पावसाळ्यात तो इतका खवळतो की मुंबईच्या फेऱ्या तेव्हा बंदच असतात. सिंगापूर ते पेनांग-फुकेत हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतला, एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे आडोशाचा. डिसेंबरात सिंगापूरला मात्र पाऊस असतो. फुकेतला त्याच वेळी कोरडा, चांगला मोसम.

मळमळायला लागलं की केबिनमध्ये जाऊन डोळे मिटून पडतात, तसं करू नका. उघड्या डेकवर मध्यभागी बसून क्षितिजाकडे बघायचं. आल्याच्या वड्या जवळ ठेवा. ॲव्होमिन घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी, आणि तीही आईंच्या डॉक्टरांना विचारून. तिने झोप येते, शिवाय काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत. बाबांसाठीही विचारून ठेवा.

आता केबिन. पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आई-बाबांना बाल्कनी घ्या, तुम्ही चौघं समोरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहा. मधे फक्त कॉरिडॉर. बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त, आत मिट्ट काळोख, मुलं सकाळी उशिरापर्यंत झोपतात. तुम्ही तिथे फक्त झोपायला आणि अंघोळीला जाणार. चौघांच्या केबिनमधले दोन पलंग बहुधा छतातून खाली येतात आणि शिडीने चढावं लागतं; मुलांना तोच खेळ. आई-बाबांना मात्र दिवसातून चार वेळा टेकायला जागा लागते, आणि समोर पाणी असलं तर "पाण्यावर बसून करायचं काय" हे बाबा दुसऱ्या दिवशी विचारणार नाहीत. सकाळचा चहा सगळे त्यांच्या बाल्कनीत घ्या. फक्त चार वर्षांचा मुलगा आत असेल तेव्हा खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा आणि दाराची वरची कडी लावा.

केबिन नंबर घेताना डेकचा नकाशा उघडा आणि बरोबर वरच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा उत्तम. लिफ्टपासून चार-सहा दारं लांब. "गॅरंटी केबिन" नावाचा स्वस्त प्रकार असतो, त्यात प्रकार तुम्ही निवडता आणि नंबर कंपनी देते. दोघं मित्र जात असतील तर खुशाल घ्या. तुम्ही घेऊ नका, नाहीतर आई-बाबा एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या, आणि मधे तीनशे मीटर.

खर्चाबद्दल. मुंबईची क्रूझ स्वस्त पडणार हे उघड आहे, विमान आणि व्हिसा दोन्ही वाचतात. पण जाहिरातीतला आकडा हा दोघांत एक केबिन धरून, माणशी असतो. त्यावर बंदराचे कर, आणि परदेशी जहाजांवर रोजची सक्तीची टिप, जी बहुतेक ठिकाणी मुलांचीही धरतात. मग विमा, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, लावतात. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण पैसे आज द्यावे लागतात. ज्याच्याकडे बुकिंग कराल त्याच्याकडून सहा जणांचा सगळं धरून एकच आकडा लेखी घ्या. "साधारण एवढे होतील" यावर थांबू नका. दारूचं पॅकेज घ्यायचं असेल तर बहुतेक कंपन्यांत एकाने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं. एकालाच हवं असेल तर सुटं बिल परवडतं.

तारखांमध्ये हात थोडा सैल ठेवता आला तर फार फरक पडतो. नाताळचा आठवडा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. लग्नाची तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर मुलीच्या शाळेत चार दिवसांचा अर्ज द्या, मी तरी हेच सांगेन.

जेवण. बुकिंग करतानाच आईंचं "शाकाहारी, अंडं नाही" असं नोंदवा, आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. बुफेत पन्नास पदार्थ दिसतात, पण चमचे इकडचे तिकडे होतात, आईंना ते चालणार नाही. टेबलावर बसून जेवायच्या हॉलमध्ये रोज तोच वेटर असेल तर तो दुसऱ्या दिवसापासून न विचारता आणून देतो. लग्नाच्या वाढदिवसाचा केकही बिनअंड्याचा हवा असेल तर आधी कळवावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही.

आणि घरून काय न्यावं याबद्दल, कारण मराठी बॅगेत डबा असतोच. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून ठेवतात. कोरडं, बंद पाकिटातलं सहसा चालतं, घरी शिजवलेलं नाही. सिंगापूरला जाताना एक गोष्ट विशेष जपा: खसखस. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेल्या वस्तूंत येते, दुबईकडेही तसंच. दिवाळी नुकतीच झालेली असणार, आणि अनारशांवर खसखस, करंजीच्या सारणात खसखस. चिवडा-लाडू न्या, अनारसे घरीच संपवा. च्युइंगगमही काढून ठेवा.

निघायचं कसं? मुंबईहून जाणार असाल तर बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळ आहे. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आसपास पोचवते. शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर बोरघाटात अडकून घड्याळाकडे बघण्यापेक्षा मी रेल्वेनेच पाठवते, किंवा आदल्या रात्री मुंबईत मुक्काम. सिंगापूरला तर एक दिवस आधी पोचाच. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. सिंगापूरचा व्हिसा पुन्हा प्रवेशाचा हवा, कारण तुम्ही तिथून बाहेर पडून परत येता. मलेशिया आणि थायलंडचे नियम बदलत असतात, तिकिटं काढण्याच्या आठवड्यात ताजे तपासा. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" सांगू नका. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. चालता येत असलं तरी टर्मिनलमधल्या रांगा लांब असतात, आणि मागण्यात कमीपणा काही नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. तोवर औषधं, पासपोर्ट, चष्मे आणि मुलांचे पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. दुपारी लवकर चढलात तर पूल रिकामा मिळतो. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे धोक्याचा इशारा, हे मुलीला सांगून ठेवा, ती बाकीच्यांना शिकवेल.

फोन जहाज सुटताच विमान मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल भयंकर असतं. घड्याळाचंही तसंच. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाची वेळ बहुधा सिंगापूरचीच ठेवतात, पण फुकेतला उतरलात की फोन स्वतःहून तिथली वेळ दाखवायला लागतो. फोनवर साडेतीन वाजलेत म्हणून तुम्ही निवांत नारळपाणी पिताय, आणि जहाजावर साडेचार. बाबांच्या मनगटावर साधं घड्याळ असेल, ते चढतानाच जहाजाच्या वेळेला लावा आणि सगळ्यांनी तेच प्रमाण माना. जहाजाने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात किंवा पुढची व्यवस्था करतात. स्वतः टॅक्सी केली तर परत येण्याच्या वेळेआधी दीड तास धक्क्यावर हजर.

मजेचं म्हणाल तर एका दिवशी मुद्दाम बंदरावर उतरू नका. सगळे खाली गेल्यावर जहाज निम्मं रिकामं होतं, पूल आणि लिफ्ट मोकळ्या, आणि आईंना एक ते चार शांत झोप मिळते (हे पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको). किड्स क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, अशी अट असते; तुमचा मुलगा बसतो. एक संध्याकाळ नटून जायची असते. आईंना पैठणी नेसू दे, फक्त डेकवर फोटो काढायला जाताना पदराला दोन पिना जास्त, वारा फार असतो. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यातल्या दोनच गोष्टींवर खूण करा. पाच गोष्टी करायला गेलात तर भांडणं होतात.

विम्यात जुने आजार धरलेत का आणि समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च येतो का, हे दोन मुद्दे बघा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये होतं.

तर माझा कौल: आईंचं बोटीत पाऊल टाकणं जमणारं असेल आणि बजेट खरंच आवळलेलं असेल तर लक्षद्वीप, खिडकीची केबिन घेऊन. नाहीतर सिंगापूर, चार रात्री, आई-बाबांना मध्यावरची बाल्कनी. गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल सिंगापूरकडे आहे.

सिंगापूर ठरलं तर पैसे भरायच्या आधी सहाही पासपोर्ट काढून मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक हवेत. मोठ्यांचे दहा वर्षांचे असतात, पण मुलांचे पाचच वर्षांचे, आणि मुलीचा पहिला पासपोर्ट लहानपणी काढला असेल तर तो संपत आलेला असण्याची शक्यता बरीच आहे. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची वेळ आधी घ्या, केबिन नंतर.